आधी पाण्याची वाट, मग इमारत: कोकणातलं विद्यापीठ कसं आखावं

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवर मुख्य इमारतीचा फोटो असतो, आणि तो बहुधा डिसेंबरमध्ये काढलेला असतो. निळं आकाश, कापलेलं गवत, समोर ध्वजस्तंभ. कोकणात शैक्षणिक वर्ष मात्र पावसाबरोबर सुरू होतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दापोलीसारख्या ठिकाणी त्याहूनही जास्त. म्हणजे पहिलं सत्र जवळजवळ सगळं ओलं. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, वसतिगृहातून खानावळीत, फाटकातून एसटीपर्यंत माणूस कोरडा आणि न घसरता पोचतो का, यावर इथला परिसर चांगला की वाईट ते ठरतं. दर्शनी भाग नंतर.

आराखडा करताना सहसा आधी इमारती मांडल्या जातात, मग त्यांना जोडणारे रस्ते, आणि उरलेल्या फटींतून गटारं. कोकणात हा क्रम उलटा हवा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते आधी, माणसं कशी चालतील ते नंतर, आणि या दोन्हींतून जी जागा उरते तिथे इमारत.

नमुने उचलताना

जगभरच्या विद्यापीठांत ढोबळ दोन घाट दिसतात. एक चौकाचा: चारी बाजूंनी बांधकाम, मधे अंगण. ऑक्सफर्डची जुनी महाविद्यालयं अशी आहेत. दुसरा मोकळ्या हिरवळीचा: लांब मैदान, दोन्ही बाजूंना इमारती आणि त्यांना जोडणारी खांबांची ओसरी. अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी आखलेलं व्हर्जिनिया विद्यापीठ, १८१७ साली पायाभरणी झालेलं, हा त्याचा गाजलेला दाखला.

मुंबई हेही भूगोलाने कोकणच. फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केले. ते कधी मुंबईला आलेच नाहीत. तरीही त्या इमारतींना कमानींच्या खोल ओसऱ्या आहेत, आणि त्या इथल्या उन्हापावसाला उपयोगी पडतात. १८७८ साली पूर्ण झालेला ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर सगळ्यांना दिसतो, पण तो दिसतो कारण समोर ओव्हल मैदान मोकळं आहे. मैदान विद्यापीठाचं नाही, शहराचं आहे. तिथे क्रिकेट चालतं आणि मधल्या वाटेने चर्चगेटची गर्दी जाते. इमारतीसमोरची सार्वजनिक जागा किती मोलाची असते, हे समजायला एवढं पुरे.

अलीकडे नक्कल होते ती बंगळुरूच्या आयआयएमची. बाळकृष्ण दोशी यांच्या त्या परिसरात लांबच लांब मार्गिका आहेत, काही छपराच्या आणि काही वर नुसत्या तुळया असलेल्या, आकाशाला उघड्या. जिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो तिथे हे झकास चालतं. रत्नागिरीत तीच उघडी तुळयांची मार्गिका केली तर चार महिने ती शेवाळ धरते आणि मुलं तिला वळसा घालून जातात. केरळात लॉरी बेकर यांनी १९७०च्या दशकात तिरुवनंतपुरमला बांधलेलं विकास अध्ययन केंद्र आपल्याला जास्त जवळचं: विटांच्या जाळ्या, छोटे चौक, उताराला धरून वळणाऱ्या भिंती. तिथून शिकण्यासारखं बरंच आहे.

सडा, उतार आणि खलाटी

कोकणात विद्यापीठाला लागते तेवढी सलग जमीन तीनच प्रकारची मिळते: सडा म्हणजे माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार, डोंगराचा उतार, आणि खलाटी म्हणजे नदीकाठची सखल जमीन. प्रत्येकीचं दुखणं वेगळं.

सड्याची जमीन सपाट आणि तुलनेने स्वस्त. सातबारावर बऱ्याचदा ती पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेली असते, म्हणून ती निरुपयोगी समजली जाते. प्रत्यक्षात सडा म्हणजे खालच्या गावाची पाण्याची टाकी. कातळावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भेगांतून आत मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थराला अडतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. वाडीतल्या विहिरी त्यावर जगतात. सड्यावर वाहनतळ आणि चौक सरसकट काँक्रीटचे केले की पाणी मुरायचं थांबतं, पावसात खाली लोंढा जातो आणि एप्रिलमध्ये वाडीत टँकर येतो.

याहून वाईट चूक शोषखड्ड्यांची. जांभा सच्छिद्र आहे. पाचशे मुलांच्या वसतिगृहाचं सांडपाणी सेप्टिक टाकीतून सड्यावरच्या शोषखड्ड्यात सोडलं तर ते झपाट्याने गायब होतं, आणि काम छान झालं असं वाटतं. ते गायब झालेलं नसतं, विहिरीकडे निघालेलं असतं. सड्यावर मोठं वसतिगृह बांधायचं तर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प पहिल्या टप्प्यातच हवा.

सड्यावर आणखी दोन गोष्टी जपायच्या. रत्नागिरी आणि राजापूर भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. ती २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. शिवाय पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत आणि बोटभर मातीत फुलणारी वनस्पतीसृष्टी फेब्रुवारीत दिसतच नाही. म्हणून जमिनीची पाहणी दोनदा करायची: एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, एकदा उन्हाळ्यात. एकाच पाहणीवर नकाशा काढला तर ग्रंथालय नेमकं पऱ्ह्याच्या (पावसाळी ओढ्याच्या) तोंडावर येतं.

उताराच्या जमिनीवर डोंगर कापून सपाटी करायचा मोह होतो. कापलेल्या बाजूची भिंत वरून झिरपणारं पाणी अडवते आणि भरावाची बाजू दोन-तीन पावसाळ्यांत खचते. त्यापेक्षा इमारत उताराला आडवी, अरुंद ठेवायची आणि मजल्यांना वेगवेगळ्या पातळीवरून प्रवेश द्यायचे. खलाटीची जमीन चालायला सोपी, पण नदीच्या हद्दीतली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी कुठवर चढली ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. खलाटीत मैदान, प्रायोगिक शेती, वाहनतळ ठेवा. ग्रंथालय आणि विजेची खोली वर.

झडीचं गणित

कोकणातला पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येकडून वारा सुटला की झड येते, आणि जोरदार झडीत थेंब ४५ अंशांपर्यंत तिरके होतात. ४५ अंशांचा हिशेब सोपा आहे: छपराची कड जमिनीपासून जितकी उंच, तितकंच आत पाणी येणार.

समजा, वर्गांसमोरची पडवी ३ मीटर रुंद आहे. आजच्या काँक्रीटच्या इमारतीत स्लॅबची कड ३ मीटर उंच आणि बाहेर काढलेला छज्जा जेमतेम ४५ सेंटिमीटर. पाणी छज्ज्याच्या कडेपासून ३ मीटर आत येणार. त्यातले ४५ सेंटिमीटर बाहेर गेले, उरलेली अडीच मीटर पडवी ओली. मुलं भिंतीला पाठ लावून चालतात, वर्गाच्या दारात चिखल होतो, फळा फुगतो. आता तीच पडवी, पण छपराची कड उतरती आणून २.१ मीटरवर, आणि पुढे ९० सेंटिमीटर काढलेली. ओली जागा १.२ मीटर, कोरडी १.८ मीटर. दोन माणसं शेजारून जातात. जुन्या घरांच्या छपरांच्या कडा डोक्याला लागतील इतक्या खाली का असत, याचं उत्तर या आकड्यांत आहे. बाहेरच्या कडेला कमरेएवढा कठडा बांधून हे साधत नाही, कारण झड कठड्याच्या वरून येते.

खरी अडचण दिशेची आहे. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि मार्च ते मेमधला समुद्रावरचा सुखाचा वारादेखील पश्चिमेकडूनच येतो. दुपारचं ऊनही तिकडचंच. पश्चिमेची बाजू बंद केली तर मेच्या परीक्षेत मुलं उकडून निघतात, उघडी ठेवली तर जुलैत उत्तरपत्रिका भिजतात. यावर एकच उपाय नाही. पश्चिमेला खोल पडवी, तिच्या वरच्या अर्ध्यात तिरक्या पट्ट्यांच्या लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या झिलमिल्या, आणि वर्गाच्या पूर्वेच्या भिंतीत तेवढ्याच खिडक्या, म्हणजे वारा आरपार जातो. जिने, शौचालयं, सामानाच्या खोल्या नैर्ऋत्य कोपऱ्याला लावल्या तर त्या वर्गांसाठी पावसाचा मार झेलतात.

एका बारीक गोष्टीकडे जवळपास सगळे आराखडे काणाडोळा करतात: छत्र्या. साठ मुलांचा वर्ग म्हणजे साठ निथळत्या छत्र्या. एका छत्रीला १५ सेंटिमीटर धरले तर ९ मीटर लांबीचा आडवा दांडा लागतो, आणि त्याच्या खाली पाणी वाहून नेणारी पन्हळ. पडवीत तो नसेल तर छत्र्या वर्गात येतात, बाकांखाली थारोळी होतात, आणि गुळगुळीत लादीवर दिवसाला कोणीतरी आपटतं.

छप्पर, चिरा आणि सळई

सपाट स्लॅबची गच्ची कोकणात किती वर्षं टिकते? शेजारच्या कुठल्याही इमारतीकडे मान वर करून पाहा: स्लॅबवर पत्र्याची शेड उभी असते. दोन छपरांचा खर्च करून शेवटी उतरतं छप्पर येतंच, मग ते आराखड्यातच का नको? मंगलोरी कौलांना साधारण ३० अंशांचा उतार ठेवावा. कमी केला तर झडीचं पाणी कौलाखाली चढतं. पत्रा उथळ उताराला चालतो, पण नुसत्या पत्र्याखाली व्याख्यान घेता येत नाही. मुसळधार पावसात शेवटच्या बाकालाच काय, तिसऱ्यालाही ऐकू जात नाही. पत्र्याखाली हवेची पोकळी आणि जाड छत द्या. शिवाय वारा: ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पत्रे वह्यांच्या पानांसारखे उडाले. वाऱ्याची ओढ कडांना आणि मोभाला सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू दाट हवेत.

छपराचं पाणी उतरवायच्या पाइपांत तर हमखास काटकसर होते. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर हजार चौरस मीटर छपरावर तासाभरात एक लाख लिटर पाणी जमतं. १०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप ढोबळमानाने ४० चौरस मीटरचं पाणी उतरवतो, म्हणजे २५ पाइप हवेत. आठ-दहा लावून भागवलं की पाणी कठड्यावरून भिंतीवर उतरतं. उतरत्या छपराला पागोळ्यांनी सरळ जमिनीवर पडू दिलं तर हा प्रश्नच येत नाही. फक्त खाली अर्धा मीटर रुंदीचा खडीचा पट्टा आणि त्याला जोडून उघडं गटार हवं. खडी नसेल तर लाल माती उडून भिंत गुडघ्यापर्यंत तांबडी होते, मग दरवर्षी रंगाचं बिल.

भिंतीसाठी जांभ्याचा चिरा उत्तम, कारण तो इथेच निघतो आणि हवा लागली की आणखी कडक होतो. तो पाणी शोषतो हे खरं, पण सुकतोही. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेली ओल अडकते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. उघडा चिरा, नीट भरलेल्या दरजा, खाली दोन-अडीच फुटांचं जोतं आणि वर छपराची पुरेशी कड असेल तर भिंतीला काही करावं लागत नाही.

काँक्रीटला समुद्राची खारी हवा खाते. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे किनारी वातावरणातल्या उघड्या काँक्रीटला किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, हवा. आता तीन इंची छज्जा घ्या: एवढ्या जाडीत ते कव्हर बसणारच नाही. म्हणून इमारतीत सगळ्यांत आधी छज्जे गंजून तडकतात आणि त्यांचे तुकडे खालच्या वाटेवर पडतात. पातळ काँक्रीटचे छज्जे टाळा, त्याऐवजी कौलांची किंवा पत्र्याची उतरती कड काढा. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी सळईच्या कामाला नको.

चालायची वाट

दोन तासांच्या मधे मुलांकडे पाच-दहा मिनिटं असतात. सपाट कोरड्या वाटेवर माणूस पाच मिनिटांत साडेतीनशे मीटर जातो. छत्री, पायऱ्या आणि गर्दी धरून तीनशे. एका शाखेचे वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय या तीनशे मीटरांत बसलं पाहिजे, आणि ती वाट छपराखालची पाहिजे. सगळा परिसर झाकायची गरज नाही. वसतिगृह, खानावळ, वर्ग, ग्रंथालय आणि फाटक जोडणारा एक कणा झाकला की पुरे.

उघड्या वाटेवर दोन उघड्या छत्र्या न अडकता जायच्या तर २.४ मीटर रुंदी लागते. फरशी कधीही चकचकीत नको; शेवाळ आल्यावर ती काचेहून वाईट. छिन्नीने टाकी लावलेला काळा दगड किंवा खरबरीत चिरा बरा, आणि वाटेला एका बाजूला हलका उतार. साठ सेंटिमीटरच्या जोत्याला १:१२ चा रॅम्प म्हणजे ७.२ मीटर लांबी. तो नंतर चिकटवायला गेलं की जागा पुरत नाही आणि घसरगुंडी तयार होते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली आला, तेव्हा ही मर्जीची बाब उरलेली नाही. रॅम्पवरही छप्पर हवं, नाहीतर चाकाची खुर्ची आणि छत्री एकाच वेळी कोण सांभाळणार?

बसायचे कट्टे १८ इंच उंच, वरचा पृष्ठभाग किंचित उतरता. झाडाला पार बांधताना बुंध्याभोवती निदान १.२ मीटर माती उघडी सोडायची. कट्टा कोरड्या चिऱ्यांच्या थरांचा दिसतो देखणा, पण त्याच्या फटींत फुरसं हा विषारी साप राहतो. जांभ्याच्या प्रदेशात हा विचार आधी करावा लागतो: कट्ट्याच्या दरजा चुन्याने किंवा सिमेंटने बंद, वाटेच्या दोन्ही कडांना मीटरभर गवत कापलेलं, आणि दिवे चार मीटरच्या आसपास उंचीचे, झाडांच्या फांद्यांखाली. दहा मीटरच्या खांबावरचा झगझगीत दिवा झाडाचा शेंडा उजळतो, पायाखाली अंधारच असतो.

झाडं निवडताना नारळ वाटेपासून दूर ठेवा. झावळ किंवा नारळ डोक्यात पडला तर हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. गुलमोहर वाऱ्यात मोडतो. बकुळ, सुरंगी, उंडी, करंज, सातवीण ही इथली झाडं वारा आणि पाऊस दोन्ही सोसतात. सड्यावर झटपट हिरवं दिसावं म्हणून ऑस्ट्रेलियन बाभळी लावणं हा सोपा आणि चुकीचा मार्ग: खाली पानांचा थर साचतो आणि दुसरं काही उगवत नाही.

कुंपण आणि फाटकाबाहेर

विद्यापीठाला मिळालेल्या जमिनीतून गावाची पाणंद किंवा पाखाडी जात असते. कोणी शेतावर जातं, कोणी देवरहाटीत (देवाच्या राखीव रानात), कोणी पलीकडच्या वाडीत. कुंपण घालताना ती वाट तोडली तर सहा महिन्यांत भिंतीला भगदाड पडतं, कारण माणसं वळसा घालत नाहीत. ती वाट आराखड्यात दाखवून, दोन्ही टोकांना लहान फाटकं ठेवून चालू ठेवणं सुरक्षेच्याही दृष्टीने बरं. भगदाडावर पहारेकरी बसवता येत नाही.

भिंतीचं दुसरं दुखणं पाण्याचं. जुना गडगा कोरड्या दगडांचा, पाणी त्यातून निघून जातं. त्याच्या जागी सलग काँक्रीटची भिंत आली की ती बांध होते, आणि जुलैत मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने आडवी होते. दर दीड-दोन मीटरवर १०० मिलिमीटरचा पाइप ठेवा आणि प्रत्येक व्हाळाला (ओढ्याला) पूर्ण रुंदीची मोरी द्या.

फाटकाबाहेरची जागा कोणाचीच नसते, म्हणून ती सगळ्यात बिघडते. एसटीचा थांबा, सहा आसनी रिक्षा, वडापाव, झेरॉक्स, दुचाक्या, सगळं एकाच कोपऱ्यात. फाटक रस्त्याला चिकटवण्याऐवजी पंधरा-वीस मीटर आत घ्या आणि ती मधली जागा सार्वजनिक चौक म्हणून आखा. एसटीसाठी रस्त्याच्या कडेला निदान १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खाच. त्याला लागून १२ बाय २.५ मीटरचा निवारा. छत्री-दप्तरासह माणशी पाऊण चौरस मीटर धरलं तर चाळीस जण उभे राहतात. निवाऱ्याची पाठ नैर्ऋत्येला. टपऱ्या हटवून उपयोग नाही, त्या परत येतात. त्यांना ओटे, नळ आणि सांडपाण्याची नळी दिली तर गटार तुंबत नाही. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. अशा ठिकाणी रस्ता ओलांडायची सोय हा आराखड्याचाच भाग धरावा लागतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची गोष्ट आणखी वेगळी. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात फक्त विद्यार्थी येत नाहीत; कलमं-रोपं न्यायला शेतकरी येतात. टेंपो उभा करायला जागा, रोपवाटिकेपर्यंत थेट वाट आणि बसायला सावली, या गोष्टी तिथे व्याख्यानगृहाइतक्याच महत्त्वाच्या.

उन्हाळ्याचं पाणी

तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात मेमध्ये वसतिगृह रिकामं करायची वेळ येते, कारण पाणी साठवलेलं नसतं. पाचशे मुलांना माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ६७,५०० लिटर, एप्रिल-मेच्या साठ दिवसांना साधारण ४० लाख. दोन हजार चौरस मीटर छपरावर ३ मीटर पाऊस आणि वीस टक्के तूट धरली तरी ४८ लाख लिटर मिळतं. छप्पर पुरतं, अडतं ते टाकीपाशी: ४० लाख लिटर म्हणजे ४० बाय ४० मीटर आणि अडीच मीटर खोल. बांधकामासाठी परिसरातच चिरेखाण काढली असेल तर तोच खड्डा वापरता येतो, पण जांभा पाणी धरत नाही. तळाला आणि बाजूंना जाड प्लास्टिकचं अस्तर लागतं, आणि भोवती पक्कं कुंपण. उघडी, पाण्याने भरलेली चिरेखाण परिसरात ठेवणं जिवावरचं आहे.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पन्हळी, पाइपांची तोंडं, गटारं आणि मोऱ्या साफ, सरकलेली कौलं बसवलेली, पत्र्यांचे स्क्रू आवळलेले. पाऊस सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी पानं काढायची आणि वाटांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं. या कामाची निविदा मेअखेर निघते आणि ठेकेदाराची माणसं जुलैत येतात. निविदा मार्चमध्येच निघायला हवी.